बा ‘नाही’ म्हणाला तो शनिवार

माझा बा चपराशी होता, पण त्याला फुकट राबवायची छाती हैदराबादेतल्या एकाही साहेबाला झाली नाही. हे मी अभिमानानं सांगते आहे, कारण पुढं त्याची थोडी टिंगलही करणार आहे. माझ्या नातीला मराठी वाचता येत नाही, बोलतानाही तेलुगू आणि इंग्रजीची खिचडी करते. तेव्हा घरात कुणी वाचील ही भीती नाही आणि मी निर्धास्त लिहिते.

त्या काळी चपराशी दहा ते पाच दफ्तराचा असायचा आणि पाचनंतर साहेबाच्या बायकोचा. भाजी आणा, दळण आणा, पोरांना शाळेत सोडा, म्हशीला पाणी दाखवा. बा यातलं काहीही करायचा नाही. कुणी पिशवी पुढं केली की दोन्ही हात पाठीशी बांधून, अगदी अदबीनं विचारायचा, हे कुठल्या कागदात लिहिलंय जी? साहेब भडकायचे, बदलीची धमकी द्यायचे. बा मान डोलवायचा आणि तसाच उभा राहायचा. एका साहेबानं त्याला घरचं आजारी कुत्रं दवाखान्यात न्यायला सांगितलं, तर म्हणाला, नेतो की, दफ्तराच्या वेळात नेतो, फक्त तसं लेखी द्या. साहेब लेखी कसं देणार? त्याला कुत्र्यापेक्षा पेन्शन प्यारी होती.

मात्र दहा ते पाच बाच्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही. फायली जागच्या जागी, माठ भरलेला, दौतीत शाई, आणि कागदाच्या प्रती काढायचं सायक्लोस्टाइलचं ते हट्टी यंत्र त्याच्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही. पाच वाजले की तो यंत्रावर कापड टाकायचा आणि घरी यायचा.

घर तारनाक्याला, रेल्वेच्या रुळांपलीकडच्या बस्तीत, दोन खोल्यांचं. बा, माय आणि मी. मी तेव्हा अठरा वर्षांची, नुकतीच मॅट्रिक झालेली, आणि त्यामुळं असह्य. त्याच सुमारास आम्ही बौद्ध झालो होतो. बानं घरातले देव गाठोड्यात बांधून शांतपणे विसर्जित केले होते आणि माय अजून अधूनमधून रिकाम्या कोनाड्यापुढं उभी राहून आपण इथं कशाला आलो ते आठवत असायची.

आता कॉम्रेड. बाच्याच दफ्तरात, नोकरांच्या बदल्या-बढत्या बघणाऱ्या शाखेत हा कारकून. मराठवाड्यातल्या मोठ्या शेतकरी घराण्यातला, तोही आमच्याच तालुक्यातला. पण सातव्या वर्षापासून शहरातल्या बोर्डिंगात वाढलेला. त्याचं गाव म्हणजे उन्हाळ्यात आंबे आणि थंडीत हुरडा, मध्ये काही नाही. सरकारी नोकर असल्यामुळं तो साम्यवादी आहे हे गुपित होतं. ते चिक्कडपल्लीच्या दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तो बाला काका म्हणायचा आणि ‘मला साहेब म्हणू नका, कॉम्रेड म्हणा’ म्हणून हात जोडायचा. बा मग त्याला कॉम्रेडसाहेब म्हणू लागला. मी दादा म्हणायची.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

चिक्कडपल्लीत एका मराठी मास्तरांच्या माडीवर दर रविवारी त्यांचं अभ्यासमंडळ भरायचं. आठ-दहा तरुण, बहुतेक कारकून, एक-दोन विद्यार्थी. मी जायची, कारण तिथं पुस्तकं मिळायची आणि बसनं एवढं लांब जायला बा दुसऱ्या कशासाठी परवानगी देत नसे. तिथं जातपात नव्हती, कुणीही कुणाच्याही कपातून चहा प्यायचा. हे मला फार भारी वाटायचं. ते सगळे कप खाली न्हाणीत बसून मास्तरांची बायकोच घासायची, हे ध्यानात यायला मला दोन महिने लागले. त्या बाईंना कुणी वर बसायला बोलावलेलं मी पाहिलं नाही.

एका रविवारी विषय निघाला की साम्यवाद आल्यावर, जास्त कामाला जास्त पैसा हे गणितच उरलं नाही, तर माणसं झटून काम करतील का? कॉम्रेडनं मुद्दाम बाला आणलं होतं. खरा कष्टकरी हवा ना एखादा. दोन तास चर्चा झाली. कुणी म्हणाला लोभ हा माणसाचा स्वभाव नाही, भांडवलशाहीनं लावलेली सवय आहे. कुणी म्हणाला समाजाचं प्रेम हाच खरा मोबदला. पगारवाढीसाठी तीन अर्ज केलेला एक कारकून म्हणाला की पैशासाठी काम करणं त्याला मुळात किळसवाणं वाटतं. बा कोपऱ्यात मांडी घालून चहाची बशी हातात धरून ऐकत होता. शेवटी कॉम्रेडनं त्याला विचारलं, काका, तुम्ही सांगा. पैसा न देता माणसं राबतील?

“राबतेत की,” बा म्हणाला. “आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राबतेत. पहाटेपास्नं दिवस मावळेस्तोवर. कुणी पैसा मागत न्हाई.”

आणि माडीवर टाळ्या पडल्या हो! मी खरंच सांगते, टाळ्या. कॉम्रेडच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं वही काढून गावातली सामूहिक श्रमाची परंपरा असं काहीतरी लिहून घेतलं. मी लाल झाले होते. बानं काय सांगितलं ते तिथं मला एकटीला कळलं होतं, आणि अठरा वर्षांच्या त्या पोरीच्या तोंडून शब्द फुटला नाही. बा बशीतला चहा फुंकत राहिला.

बा ज्या राबण्याविषयी बोलला ते काय होतं, ते मला मायनं सांगितलेलं होतं. आमच्या घराकडं गावाची येसकरकी होती. गावाच्या वेशीपाशी राहायचं, घुंगरांची काठी घेऊन हिंडायचं, मेलेली गुरं ओढायची, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळायचं, पाटलाची लाकडं फोडायची, कुणी मेलं तर पाहुण्यांच्या गावी निरोप घेऊन जायचं. यासाठी पगार नाही. संध्याकाळी दारोदार उभं राहून भाकरी मागायची. बाच्या लग्नाच्या दिवशी, अंगाची हळद ओली असताना, चावडीवरून माणूस आला की तालुक्याला टपाल न्यायचंय. नवरदेव टपाल घेऊन जाऊन-येऊन आठ कोस चालला. माय मांडवात एकटी बसली होती, पाहुणे जेवून आपापल्या गावी निघून गेले. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा हळद घामानं उतरलेली होती. त्याच वर्षी बानं ती काठी चावडीच्या भिंतीला टेकवून ठेवली, मायला घेतलं आणि हैदराबादेची वाट धरली. पुन्हा त्या तालुक्यात पाऊल टाकलं नाही, आजा वारला तेव्हासुद्धा.

कॉम्रेडला हे सांगायला हवं होतं. पण त्याला सांगायचं म्हणजे तो पुन्हा वही काढणार.

त्या टाळ्यांचा पहिला परिणाम आमच्या बस्तीवर झाला. पुढच्या रविवारी मंडळ कुदळ-फावडी घेऊन हजर. बस्तीत गटार नाही, आपण श्रमदानानं खणू या. कुणी मागितलं होतं? कुणी नाही. सकाळी साडेसातला उत्साहानं सुरुवात झाली, नऊला हाताला फोड आले, साडेदहाला सगळे आमच्या ओट्यावर पोह्यांची वाट बघत बसले. माय आणि मी कांदे चिरत होतो. बा बाजेवर बसून बघत होता. त्यानं कुदळीला हात लावला नाही, म्हणून बस्तीतल्या लोकांनीही लावला नाही. कॉम्रेडला याचं वाईट वाटलं, पण बोलला नाही, तेवढी सभ्यता त्याच्याकडं होती. दुपारी ते सारे थकून, खूश होऊन निघून गेले. गटार दिसायला ठीक होतं, फक्त उतार उलटा काढला होता. संध्याकाळी बस्तीचं सगळं सांडपाणी आमच्या उंबऱ्याशी येऊन उभं राहिलं. तो चर मायनं आणि मी दोन दिवस माती टाकून बुजवला.

अशा दिवसांत राज्याची वाटणी आली. हैदराबाद राज्याचे नुकतेच तीन तुकडे झाले होते. तेलुगू मुलूख आंध्राला, कानडी म्हैसूरला आणि आमचा मराठवाडा मुंबईला. राज्य फोडायचं म्हणजे नोकरमाणसंही वाटून घ्यायची आली, टेबलं-खुर्च्यांसकट. कोण कुठं जाणार याच्या याद्या दफ्तरात बनू लागल्या. मराठी मंडळी हरखून गेली होती. आपला मुलूख, आपली भाषा, आपलं सरकार. गौलीगुड्यापासून चिक्कडपल्लीपर्यंत जिथं चार मराठी डोकी जमतील तिथं हेच. बाला कुणी विचारलं की तो म्हणायचा, चांगलं हाय, आणि विषय बदलायचा. हैदराबादेत तो फक्त चपराशी होता. त्याच्या येसकरकीची खबर इथं कुणाला नव्हती, घुंगरांची काठी कुणी पाहिलेली नव्हती. त्याला मुलूख वगैरे काही नको होता. ही बेनाव बस्ती हवी होती.

चपराशांची यादी करायचं काम कॉम्रेडनं स्वतःहून मागून घेतलं. इथं त्याचं मोठेपण कबूल करायला हवं. दोन महिने तो दफ्तर सुटल्यावरही बसून राहायचा, ना भत्ता, ना बढतीची आशा. चपराशांना इंग्रजी येत नाही, त्यांची फसगत होईल, म्हणून एकेकाचा फॉर्म तो स्वतः भरायचा. मोबदल्याशिवाय माणूस झटून काम करतो याचा चालता-बोलता पुरावा तोच होता. बाचाही फॉर्म त्यानंच भरला आणि सहीसाठी घरी घेऊन आला. काका, इथं सही करा, बाकीचं मी बघतो.

बानं कागद हातात धरला आणि माझ्याकडं पाहिलं. आणि मी, मॅट्रिक झालेली, इंग्रजी वाचता येणारी, भाकरी थापता थापता म्हणाले की कर की सही, दादा काय परके आहेत? पिठाचे हात धुऊन दोन ओळी वाचायचा मला कंटाळा आला. जन्मात एकदाच बानं कागदात काय लिहिलंय ते विचारलं नाही, आणि ते माझ्या भरवशावर. मला याची आजही लाज वाटते.

पंधरा-वीस दिवसांनी, एका शुक्रवारी संध्याकाळी, कॉम्रेड पेढे घेऊन आला. चेहरा असा फुललेला की मला वाटलं याचं लग्न ठरलं. बसला, मायच्या हातात पुडा दिला आणि बातमी सांगितली. काकांचं नाव मराठवाड्याच्या यादीत घातलंय. नुसतं मराठवाड्याच्या नाही, तर खटपट करून, दोन साहेबांचे पाय धरून, थेट आमच्या तालुक्याच्या कचेरीत. गावापासून चार कोसांवर. सोमवारी सकाळी दहाला यादी रवाना होणार. इतकी वर्षं तुम्ही गावापासून तुटलात, काका, आता शेवटची वर्षं आपल्या माणसांत.

बाच्या हातात पेढा होता. तो त्यानं पुन्हा पुड्यात ठेवला. मग उठून बाहेर गेला आणि रुळांकडं तोंड करून उभा राहिला.

माय कधी परक्या पुरुषासमोर फार बोलत नसे. त्या दिवशी बोलली. सगळं बोलली. हळद, टपाल, भाकरी, काठी, आजा मेला ते. आवाज चढवला नाही, कुठं थांबली नाही, जणू दळण दळतेय. तालुक्याच्या कचेरीत रोज गावचा माणूस येणार, म्हणाली. पाटील येणार, पाटलाचा गडी येणार. पहिल्याच दिवशी ह्यांला कोणी नावानं नाही, जातीच्या कामानं हाक मारणार. पन्नाशीच्या माणसाला पुन्हा घोड्यापुढं पळवायला नेताय का? कॉम्रेडचा चेहरा हळूहळू असा झाला की मला त्याची दया यायला हवी होती. पण मी भयंकर चिडले होते, स्वतःवरसुद्धा, आणि तो राग काढायला समोर तोच होता.

“दादा,” मी म्हणाले, “तुमचंही गाव त्याच तालुक्यात. तुम्ही स्वतःचं नाव कुठं लिहिलंत?”

 तो खाली बघून म्हणाला की हैदराबादेतच. इथं अभ्यासमंडळ आहे, काम आहे, वाचनालय आहे.

“मग बाला विचारायला काय झालं होतं?”

 खरं सांगायचं तर हे विचारायचा मलाही हक्क नव्हता, कारण मीही कागद वाचला नव्हता. पेढ्यांचा पुडा तिथंच टाकून तो गेला. आम्ही कुणी ते खाल्ले नाहीत, हे मी लिहिणार होते. पण खोटं कशाला? चांगले पेढे होते. दोन दिवसांनी मी खाल्ले.

शनिवारी सकाळी दफ्तरात कॉम्रेड हेडक्लार्कपुढं जाऊन उभा राहिला, चूक माझी आहे म्हणाला. हेडक्लार्क खडूस, पण नियमाचा पक्का. म्हणाला, त्या जागेवर जायला राजी असलेला दुसरा चपराशी आणा, दोघांची संमती आणा आणि यादी बदला. पण चपराशांची अख्खी यादी पुन्हा टाइप करायची, नवं स्टेन्सिल, साठ प्रती, सोमवारी दहाच्या आत माझ्या टेबलावर. नसेल तर आहे ती जाईल. उद्या रविवार आहे आणि मी कुणालाही बोलावणार नाही.

दुसरा चपराशी बानंच सुचवला. त्याच दफ्तरात गौलीगुड्याला राहणारा एक म्हातारा होता, कुणबी, गावाकडं थोडी जमीन. तो दर रविवारी गौलीगुड्याच्या बस अड्ड्यावर जाऊन बसायचा आणि मराठवाड्याकडून आलेल्या गाडीतून उतरणाऱ्यांना विचारायचा, आमच्याकडं पाऊस झाला का, अमक्याची बैलं कशी आहेत. हे सगळ्या चपराशांना माहीत होतं. कॉम्रेडनं त्याला हैदराबादेत ठेवलं होतं, कारण त्याचा मुलगा इथं नोकरीला होता. मुलाजवळ राहील बिचारा, म्हणून. म्हाताऱ्याला विचारलं तेव्हा त्यानं हा कागद खरा आहे ना असं तीनदा विचारून घेतलं आणि मग दोन्ही हातांनी धरून सही केली.

त्या संध्याकाळी कॉम्रेड पुन्हा घरी आला. आत आला नाही, ओट्यापाशी चपला काढून उभा राहिला. बा बाजेवर होता.

“काका,” तो म्हणाला, “उद्या मी टाइप करीन. पण ते यंत्र मला फिरवता येत नाही. रविवार आहे, पैसे मिळणार नाहीत, तुमच्या कामातही हे बसत नाही. याल का?”

बानं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. घाईत नव्हता अजिबात.

“न्हाई,” तो म्हणाला.

माझ्या हातातली परात पडायची राहिली.  मला वाटलं आता हा ऐकवणार, तुमच्यासाठीच चाललंय ना हे. तो म्हणाला, बरं. चपला घातल्या. चार पावलं गेला, वळला आणि म्हणाला, मी करतो प्रयत्न, काळजी करू नका. आणि बसच्या दिशेनं निघून गेला.

मग मी बाला जे बोलले ते इथं सगळं लिहिता येणार नाही. डोकं फिरलंय का तुझं, त्या माणसानं वैतागून हात झटकले तर सोमवारी तुझं नाव जातंय, मग फिर घोड्यापुढं. कागद विचारायची ही वेळ आहे का? बा जेवत होता. त्यानं मायला अजून थोडं कोरड्यास वाढायला सांगितलं. माय मला डोळ्यांनी गप्प बस म्हणाली, पण तिचंही वाढताना सांडलं.

रविवारी सकाळी त्यानं निवांत दाढी केली. बाजेवर बसून मालगाडीचे डबे मोजले. मी त्याच्याशी बोलत नव्हते. अकराच्या सुमारास उठला, ट्रंकेतला पांढरा सदरा आणि धोतर काढलं, दीक्षेच्या दिवशी घातलेलं, आणि काही न सांगता चालू लागला. दफ्तराचा खाकी कोट खुंटीलाच होता. दुपारी मायनं माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाली, जा, बघून ये.

दफ्तर रिकामं होतं. मधल्या खोलीत कॉम्रेड कोपरापर्यंत काळा झालेला, कपाळावरही शाई. बा यायच्या आत त्यानं एक स्टेन्सिल फाडलं होतं, दुसरं टाइप केलं होतं आणि दहा-अकरा प्रती काढल्या होत्या. त्यातल्या वाचता येतील अशा चार. बानं म्हणे दारात उभं राहून ते पाहिलं आणि एवढंच म्हणाला, सरका, कागद वाया घालू नका. आता बा यंत्राचा दांडा फिरवत होता, एका लयीत, आणि कॉम्रेड निघालेला एकेक कागद दोन बोटांनी उचलून वाळत घालत होता. बाच्या पांढऱ्या सदऱ्यावर शाईचे डाग पडले होते आणि त्याला त्याचं काही नव्हतं. मी एक प्रत उचलून वाचली, या वेळी नीट, वरपासून खालपर्यंत. बाचं नाव हैदराबादेच्या रकान्यात होतं. मला रडू आलं, आणि ते बघून दोघंही एकदम डब्यात काय आहे ते विचारू लागले.

साठच्या साठ प्रती हेडक्लार्कच्या टेबलावर दगडाखाली ठेवून आम्ही निघालो. बा म्हणाला, चला कॉम्रेडसाहेब, चहा घ्या. दिवस मावळायला आला होता. बस्तीत शिरताना कॉम्रेडनं बुजवलेल्या चराकडं पाहिलं आणि आमच्याकडं पाहिलं नाही. ओट्यावर बसले दोघं. मी चहा केला. कॉम्रेडची बोटं फुटली होती, कप नीट धरता येत नव्हता.

“काका, एक विचारू?” तो म्हणाला. “काल नाही म्हणालात. मग आज का आलात?”

“काल म्या बघत होतो.”

“काय?”

“न्हाई म्हणलं तर काय होतंय ते.” बानं बशी खाली ठेवली. “गावात न्हाई म्हणायची सोयच न्हवती. लग्नातून उठिवलं तरी न्हवती. काल तुम्ही विचारलंत, म्या न्हाई म्हणलं, तुम्ही बरं म्हणलात अन् गेलात. शिवी न्हाई, धमकी न्हाई. वर काम चालूच ठिवलंत. मंग यायला काय हरकत होती?”

 बानं बशी उचलून उरलेला चहा संपवला आणि कॉम्रेडकडं वळला.

“तुमचं ते राज्य आलं तर लोक फुकट राबतीन, साहेब. खुशीनं राबतीन. फकस्त न्हाई म्हणता आलं पाहिजे. तेवढं त्या वहीत लिव्हा.”

वही कॉम्रेडच्या पिशवीत होती, मला दिसत होती. त्यानं ती काढली नाही. काय त्याच्या मनात आलं कोण जाणे, उठला, आपला कप घेऊन नळावर गेला आणि शाईच्या, फुटलेल्या हातांनी तो विसळू लागला. माय अवघडून पुढं झाली, तर तिला म्हणाला, राहू द्या, मी धुतो. कप ओट्यावर पालथा घालून त्यानं बाला नमस्कार केला आणि गेला. बा त्याच्या पाठीकडं कौतुकानं बघत होता. एवढं कौतुक त्यानं माझ्या मॅट्रिकचंही केलं नव्हतं.

तो गेल्यावर मी कप उलटून पाहिला. तळाशी चहाचं कडं तसंच होतं, आणि कानाला शाईची दोन बोटं. मी राख घेतली आणि तो पुन्हा घासला. मग बाची कपबशी घासली, मायची घासली, दुपारचा डबा घासला. अंधार पडायच्या आत त्या सदऱ्याचे डागही भिजत घालायचे होते. याल का, असं मला कुणी विचारलं नव्हतं.